पाणी दाखवलं होतं

आमच्याकडे जनावराला पाणी पाजत नाहीत, पाणी दाखवतात. "बैलांना पाणी दाखवलं का?" असं एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने "दाखवलं" म्हणायचं. माझं माहेर अवसरी खुर्दचं आणि सासर तिकडे निमगाव साव्याच्या शिवारात, तालुके वेगळे, पण शब्द हाच. लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे त्यात काही खोट असेल असं कधी मनात आलं नाही. जनावरापुढे बादली ठेवली की आपलं काम संपलं. प्यायचं की नाही ते त्याचं त्याने बघावं.

तो शब्द मला पहिल्यांदा बोचला तो घोडीमुळे.

घोडी म्हणजे वरातीची नव्हे. आमच्या भागात गावच्या यात्रेला बैलगाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढे एक घोडी पळवतात. तिच्यावर एक माणूस बसलेला, आणि तिला बघून मागचे बैल जीव खाऊन धावतात. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. बैल एक बारी पळाला की त्याचा दिवस संपला. मग त्याला दूध, अंडी, पिठाचे गोळे, वर गुलाल. घोडी मात्र एका गाड्यापुढे पळून वर गेली की तशीच खाली येते आणि दुसऱ्याच्या गाड्यापुढे उभी राहते. चांगली घोडी असली की पाहुणेरावळे मागतात, आणि पाहुण्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. चैत्रातल्या उन्हात अशा पाच-सहा बाऱ्या. कौतुक बैलाचं आणि मरमर घोडीची. हे ऐकून मला जे वाटायचं ते घरात बोलून दाखवायची सोय नव्हती.

मी लग्नाआधी मंचरला एका लॅबमध्ये होते. रक्त काढायचं, मशिनला लावायचं, सोडियम किती, पोटॅशियम किती, बघून रिपोर्ट छापायचा. उन्हाळ्यात शेतावरून म्हातारी माणसं आणायचे, असंबद्ध बोलणारी, आणि रिपोर्ट यायच्या आधीच मी लॅबच्या मॅडमना सांगायची की हे सोडियम उतरलंय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. खिडकीजवळ माझी खुर्ची होती, तिचा एक पाय आखूड होता आणि खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. त्या खुर्चीवर बसले की मी कुणाची मुलगी नसायची, कुणाची ताई नसायची. मला ती खुर्ची फार आवडायची.

लग्नाच्या बैठकीत ठरलं होतं की पोरगी नोकरी करणार. कुणी मोडता घातला नाही. मग लग्नानंतर दोन महिन्यांनी आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने त्यात गेले. मी मॅडमना फोन करून सांगितलं की थोडं थांबा. आत्या चालायला लागल्या आणि त्याच आठवड्यात मामांनी घोडी आणली.

मामा म्हणजे सासरे. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून त्यांच्या डोक्यात घोडी होतीच. म्हातारपणी पोर व्हावं तसं त्यांना झालं. पण पाठीचं दुखणं असल्यामुळे त्यांना बादली उचलता येत नव्हती. नवरा चाकणला कंपनीत, चौघांत एक खोली घेऊन राहणारा, रविवारी यायचा. घोडीवर बसायचे ते चुलत दीर. त्यांचा निमगावात स्वतःचा गॅरेजचा धंदा, ते फक्त शर्यतीपुरते. राहिले कोण? घोडी माझ्या गळ्यात पडली.

बरं, जनावर गुणी होतं. तांबडा रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कान असे की मी विहिरीपाशी चप्पल घासली तरी इकडे फिरायचे. महिन्याभरात ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचा भरडा खाईना. मामांना याचा अभिमान वाटायचा आणि मला धडकी भरायची. माहेराचं नाव काढलं की सगळे एकदम एकाच सुरात म्हणायचे, "घोडीचं कोन बघनार?" दिवाळीला दोन दिवस मिळाले. चुलतबहिणीच्या लग्नाला सकाळी जाऊन अक्षता पडल्याबरोबर परत आले. आत्या म्हणायच्या, "तिला तुझी सवय झाली गं." घोडीच्या गळ्यात दावं होतं, त्याचं दुसरं टोक खुंट्याला नव्हतं, माझ्या पायाला होतं.

एखाद्या कामात कुठे अडकलं की आपण विचारतो, घोडं कुठे अडलंय? माझं घोडं खरोखरीच घोडीपाशी अडलं होतं.

त्या वर्षी फाल्गुनात मॅडमचा फोन आला. लॅबमधली मुलगी लग्न होऊन जाणार होती आणि जूनपासून माझी खुर्ची रिकामी होत होती. मी सगळे जेवायला बसलेले असताना विषय काढला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "यात्रा उरकू दे, मग जा. घोडीला मग काय काम ऱ्हातंय?" नवऱ्याने मान हलवली. मी मॅडमना जून पक्का सांगितला. तेव्हापासून मी दिवस मोजले नाहीत, गावोगावच्या यात्रा मोजल्या. एक झाली, मनात एक काट मारली.

चैत्र संपता संपता एका यात्रेहून पिकअप दुपारी चारच्या सुमारास परत आली. बायका घाटात जात नाहीत, त्यामुळे काय झालं ते मला भाऊजींच्या, म्हणजे दिरांच्या, तोंडूनच कळलं. सहा बाऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या बारीला घोडी थोडी मागे पडली होती. मी फळीवरून तिला उतरवलं तर तिच्या अंगावर पांढरे पट्टे उठले होते. पोटाखालून तंगाचा पट्टा जिथे बांधतात तिथे तर चुना फासल्यासारखं दिसत होतं. घाम येऊन वाळला होता. मी सवयीने बोट फिरवून जिभेला लावलं. नुसतं मीठ.

मामांचा एक कायदा होता. घामावर पाणी द्यायचं नाही, पोटात दुखतं. अंग पुरतं गार झाल्याशिवाय बादली तिच्या नजरेला पडायची नाही. हा कायदा त्यांना त्यांच्या वडलांनी दिलेला, त्यामुळे त्यावर अपील नव्हतं. सकाळपासून प्रत्येक बारीनंतर भाऊजींनी तो पाळला होता आणि अंग गार व्हायच्या आत पुढची बारी येत होती.

पाच वाजता मामांनी परवानगी दिली. मी बादली ठेवली. घोडीने नाक खाली नेलं, पाण्यावर फुंकर घातल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. मी बादली इकडून तिकडून ठेवून बघितली. नाही.

मामांनी ओट्यावरून विचारलं, "पाणी दाखवलं का?"

"दाखवलं. पण पीत नाही."

"दाखवलं ना? मंग झालं. तहान नसंल तिला."

मला ते पटलंही. दिवसभर उन्हात पळालेल्या जनावराला तहान कशी नसेल, हा साधा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. मी लॅबवाली बाई. पण दीड वर्षात मी त्या घरात प्रश्न विचारायचं हळूहळू बंद केलं होतं, कारण उत्तरं ठरलेली असायची. मी बादली उचलून बाजूला ठेवली आणि चहा टाकायला गेले. त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

चहा घेऊन गोठ्याकडे आले तर आत्या घोडीकडे बघत उभ्या होत्या. घोडीची कूस सारखी उडत होती. मध्येच नव्हे, एका ठेक्यात, टक टक टक. आत्या म्हणाल्या की उचकी लागलीय, तिच्या जुन्या मालकाने आठवण काढली असेल. त्यांनी तीन-चार गावांची नावं घेऊन बघितली, म्हणजे ज्याने आठवण काढली त्याचं गाव आलं की उचकी थांबते म्हणून. थांबली नाही.

मी एक हात तिच्या कुशीवर ठेवला आणि दुसरा पुढच्या पायामागे, छातीवर. हृदयाचा ठोका पडला की कूस उडत होती. दोन्ही हातांना एकाच वेळी धक्का बसत होता. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तंबूसारखी तशीच उभी राहिली. ओठ वर करून हिरड्यांना बोट लावलं, कोरड्या ठाक. ही उचकी कुणाच्या आठवणीची नव्हती. पण खरं सांगते, पहिला विचार घोडीचा नव्हता. पहिला विचार आला तो जूनचा. घोडी गेली तर माझा जून मोकळा. तो विचार आला आणि गेला, पण आला होता.

जनावरांचे डॉक्टर घाटघरकडे एका अडलेल्या गाईपाशी होते. तिकडे रेंज मिळणंच अवघड, तरी फोन लागला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, निघतोच, पण यायला दोन तास लागतील. क्षार गेलेत, कॅल्शियम शिरेतून द्यावं लागेल, ते मी येऊन देतो. तोवर तिला पाणी प्यायला लावा. मी म्हटलं, पीतच नाही, तहानच नाही तिला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकलं, आणि आजही ते शब्द मला तसेच्या तसे आठवतात. माणसाच्या घामात पाणी जास्त जातं आणि मीठ कमी, त्यामुळे मागे राहिलेलं रक्त खारट होतं, आणि रक्त खारट झालं की तहान लागते. घोड्याच्या घामात मीठही तेवढंच भरपूर जातं. दोन्ही बरोबरीने गेल्यावर रक्ताचा खारटपणा फारसा बदलतच नाही. मग अंगाला कळणार कसं की आपण वाळत चाललोय? तहान मिठाने लागते. मीठ परत आलं की तहान परत येईल.

माझ्या डोळ्यांपुढे लॅबचा रिपोर्ट आला. हिचं रक्त काढून मी मशिनला लावलं असतं तर सोडियमपुढे कदाचित नॉर्मल छापून आलं असतं. मी सही करून दिला असता.

डॉक्टरांनी सांगितलं तसं मी दोन बादल्या भरल्या. एकीत मूठभर मीठ टाकून हलवलं, दुसरी साधी. जबरदस्तीने घशात काही ओतायचं नाही असंही ते दोनदा बजावून म्हणाले होते. मामा काठी टेकत आडवे आले. त्यांनी मिठाचा डबा बघितला.

"मीठ घालू नको. उलटी तिला तहान लागंल."

"लागू द्या मामा. तेच तर पाहिजे."

"आमी जल्मभर जनावरं सांभाळली. असलं कधी केलं न्हाई."

"म्हणून ती आता मरायला टेकलीय. सरका."

सासऱ्याला 'सरका' म्हटलं मी. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मामा माझ्याकडे बघत राहिले, मग काय वाटलं कोण जाणे, मागे जाऊन ओट्यावर बसले. मी खारट पाण्यात हात बुडवून घोडीच्या ओठांवरून फिरवला. तिने ओठ मुडपले, जीभ बाहेर काढून चाटलं. परत लावला, परत चाटलं. चार-पाच वेळा झाल्यावर तिने मान खाली घातली आणि बादलीला तोंड लावलं. गळ्यातून पाण्याचा एकेक घोट खाली उतरताना दिसत होता. अर्धी बादली प्याली, थांबली, आणि मग आपणहून शेजारच्या साध्या पाण्याकडे वळली. ती रिकामी झाली. मी विहिरीवरून दुसरी आणली, तीही रिकामी झाली. तिची तहान परत आली होती. मी तिच्या मानेला धरून रडले. मघाच्या त्या जूनच्या विचारासाठी रडले.

दिवस मावळल्यावर डॉक्टर आले. वाशाला बाटली टांगून, हृदयाला नळी लावून ऐकत ऐकत, त्यांनी हळूहळू औषध सोडलं. ठोका पडला तरी कूस उडेनाशी झाली. जाताना ते मामांना म्हणाले की घामावरच पाणी द्यायचं, थोडं थोडं, पहिल्या घोटापासून, आणि बारी झाली की मीठ. आणि वर म्हणाले, सुनेने वेळेवर ओळखलं. मामांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी गावभर डांगोरा पिटला. "आमची सून डॉक्टरीन हाय, राव." जो येईल त्याला ते कुशीवर हात ठेवून दाखवायचे की उचकी कशी ओळखायची, जणू यांनीच ओळखली होती. मी डॉक्टरांना विचारून एक डबा तयार केला, साधं मीठ दोन वाट्या आणि मेडिकलमध्ये मिळतं ते लो सोडियमचं मीठ एक वाटी, त्यात पोटॅशियम असतं म्हणून. भाऊजी तो डबा आणि दोन बादल्या घेऊन घाटात जायला लागले. वैशाखात आंबेगावातून दोघे जण आपापल्या घोड्या घेऊन दारात आले. फोन यायचे, "ताई, पानी दाखवलं, पीत न्हाई, काय करू?" मी प्रमाण सांगायची. घरातही विचारायची तऱ्हा बदलली. मामा आता 'दाखवलं का' म्हणत नव्हते, 'पिली का' म्हणायचे.

आणि मला हे सगळं आवडत होतं. कबूल केलं पाहिजे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. शेवटची यात्रा झाली त्या संध्याकाळी ओट्यावर पाहुण्यांची बैठक बसली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मामा कौतुकाने म्हणाले, "आता हिला लॅबला धाडून कसं चालंल? घोडीचं कोन बघनार?" सगळे हसले. मीही हसले. शिव्या दिल्या असत्या तर भांडले असते. कौतुकाशी कसं भांडायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. मी उद्या सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. नवरा चाकणला निघाला होता, पायात बूट, पाठीला बॅग, एसटीची वेळ झालेली. दारात वळून म्हणाला, "तुला जायचं असंल तर जा लॅबला. माझी ना न्हाई." माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. मी म्हटलं, "बघू. आता कशाला." तो गेला. मी घोडीला पाणी दिलं, मीठ मोजलं, डब्याचं झाकण लावलं, गोठा झाडला, मॅडमना नाही म्हणून कळवलं.

दुपारी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मला वाईट वाटलेलं नाही. जिच्यासाठी एकेक यात्रा मोजली ती खुर्ची मी दोन शब्दांत सोडली आणि आत काहीसुद्धा हललं नाही. तेव्हा मी घाबरले. घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मग आत्यांनी हाक मारली.

भाऊबीजेला मी अवसरीला गेले. नवरा संध्याकाळी न्यायला आला, तेव्हा आईने त्याला जेवायला बसवलं. त्याच्या शेजारी माझं ताट. आमच्या घरी कॉलेजच्या पोरांना खोल्या दिलेल्या आहेत, त्यामुळे आईला कुणाला कुठे नोकरी लागली याची सगळी खबर असते, आणि माझी नोकरी तिला रोज टोचते. त्याला वाढून झाल्यावर माझ्या ताटात मीठ वाढता वाढता तिने जावयाला सरळ विचारलं की पोरगी शिकलेली, बैठकीत ठरलेलं, मग अजून घरीच का?

त्याने हात थांबवला. त्याला खरंच वाईट वाटलं. तो माणूस लबाड नाही, आजही नाही. अगदी मनापासून म्हणाला, "मी इचारलं व्हतं, आई. दारात उभं ऱ्हाऊन इचारलं. तीच न्हाई म्हनली."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला मीठ होतं, अजून दुसरं काही वाढलेलं नव्हतं. मी ते सगळं चिमटीत घेतलं आणि कोरडंच जिभेवर ठेवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तोंड मिटून बसले.

"अगं, नुसतं मीठ काय खातेस?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "पाणी दे."